मदिना, मऊ, भिवंडी: अन्सारी आडनावाचा इतिहास

महाराष्ट्रातील मुस्लिम विणकरांची तीन मोठी शहरे एकाच रस्त्यावर वसली आहेत. मुंबईहून आग्र्याकडे जाणारा जुना रस्ता ठाण्याची खाडी ओलांडून भिवंडीत शिरतो, कसाऱ्याचा घाट चढून नाशिक गाठतो आणि मालेगाव, धुळे मागे टाकून नर्मदेच्या दिशेने निघून जातो. भिवंडी, मालेगाव आणि धुळे या तिन्ही शहरांच्या कष्टकरी वस्त्यांत मागांचा खडखडाट कानी पडतो. तिथल्या शाळांच्या पटावर, मतदारयादीत आणि दुकानांच्या पाट्यांवर दोन आडनावे पुन्हा पुन्हा भेटतात: मोमीन आणि अन्सारी. ही आडनावे या रस्त्यानेच आली. ती मागे ठेवून गेलेला ना राजा होता, ना सरदार. कापूस, सूत आणि पोट यांच्या मागे चालत आलेल्या विणकरांनी ती इथे आणली आणि रुजवली.

‘अन्सारी’ हा शब्द अरबी आहे आणि त्याचा उगम सातव्या शतकातल्या मदिनेत आहे. तो ठाणे जिल्ह्यातल्या एका यंत्रमाग शहराचे ठळक आडनाव कसा झाला, हे समजून घ्यायचे तर गंगेच्या मैदानातून सुरुवात करावी लागते.

पूर्व उत्तर प्रदेशात विणकरांच्या गावांची दाट माळ आहे. बनारसचा किनखाब जगाला ठाऊक आहे. पण त्याच्या आसपास मऊ, मुबारकपूर, कोपागंज, टांडा अशा कसब्यांत साधे सुती, मिश्र रेशमी आणि तलम कापड विणणाऱ्यांची हजारो घरे होती. मुबारकपूरचे संगी आणि गलता हे रेशीम-सुती कापड नावाजलेले, टांड्याची जामदानी दरबारात जाणारी. यातले बहुतेक विणकर मुसलमान होते. लोक त्यांना जुलाहा म्हणत. पंधराव्या शतकात बनारसला अशाच एका जुलाह्याच्या घरात कबीर वाढला.

एकोणिसाव्या शतकाने या घरांवर एकामागून एक घाव घातले. १८१३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची व्यापाराची मक्तेदारी संपली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे कापड भारतीय बाजारात मोकळेपणाने उतरू लागले. १८५७ च्या उठावात आजमगढ, बनारस, अलाहाबाद हा सारा टापू पेटला आणि उठाव मोडल्यावर इंग्रजांच्या सूडाखाली भरडला गेला. १८६०-६१ मध्ये वरच्या दोआबात दुष्काळ पडला. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. तिथला कापूस बंद झाल्याने लँकेशायरने भारतीय कापसावर झडप घातली आणि मुंबईचे व्यापारी रातोरात गब्बर झाले. याच तेजीने देशभरच्या हातमाग विणकराचे सूत त्याच्या ऐपतीबाहेर नेले. इतिहासाच्या पुस्तकांत १८६१ ते १८६५ हा मुंबईच्या भरभराटीचा काळ म्हणून येतो. विणकरांच्या घरी तो चूल विझवणारा काळ होता.

ज्यांना शक्य होते ते निघाले. काही दक्षिणेला बुऱ्हाणपुरात थांबले, काही कामठी-नागपूरकडे वळले, काही मालेगावात आणि धुळ्यात. काही थेट मुंबईच्या दारापर्यंत आले. सुरुवातीला पायी किंवा बैलगाडीने. मार्च १८७० मध्ये जबलपूरला दोन रेल्वे जोडल्या गेल्या आणि अलाहाबादेतून मुंबईकडे आगगाडीने येण्याची सोय झाली. कल्याणला उतरले की भिवंडी खाडीपलीकडे दोन-तीन कोसांवर.

भिवंडीच का, याचे उत्तर सुतात आहे. मुंबईत १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी गिरणी काढली आणि पुढच्या वीस वर्षांत गिरण्यांची रांग उभी राहिली. गिरणीचे सूत हाकेच्या अंतरावर, मुंबईची पेठ जवळ आणि घरभाडे मुंबईपेक्षा कमी. शिवाय गिऱ्हाईक दारातच होते. कोकणातल्या आणि देशावरच्या बायकांना लागणारी लुगडी गिरण्या अजून नीट विणत नव्हत्या. नऊवारीच्या रंगीत काठासाठी माणसाचा हात लागे. बनारसी हात मराठी लुगड्याला लागला तो असा.

हे लोक ज्या गावात आले ते काही माळरान नव्हते. कामवारी नदीच्या काठी वसलेली भिवंडी जुनी बंदरपेठ होती. भाताची उलाढाल, गलबतांची ये-जा, कल्याणशी जुळे नाते. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी एकाच मोहिमेत घेतली, त्यामागे या दोन्ही बंदरांचे मोल होते. या पेठेत मुसलमान वस्ती कैक शतकांची. दहाव्या शतकाच्या आरंभी अरब प्रवासी मसूदी चौलला आला तेव्हा त्याने तिथे सुमारे १०,००० मुसलमान राहत असल्याची नोंद केली. कोकण किनाऱ्यावरच्या अरब व्यापाऱ्यांच्या आणि स्थानिक लोकांच्या सोयरिकीतून कोकणी मुसलमान समाज घडला. भिवंडी ही त्याची एक महत्त्वाची पेठ.

त्या समाजाची आडनावे पाहिली की त्याचे मुळाशी असलेले नाते कळते. फकीह म्हणजे धर्मशास्त्राचा जाणकार. माहीमचे प्रसिद्ध सूफी मखदूम अली यांनाही ही पदवी होती. काझी, खतीब, मुल्ला ही वतनाची नावे, पटेल गावकीचे, दळवी लष्करी चाकरीचे. गावावरून पडलेली ‘कर’ लावलेली नावेही भरपूर. भोवतालच्या आगरी आणि कुणबी गावांतही तेच. पाटील हे वतन, तर म्हात्रे, भोईर, तरे, चौधरी ही गावागावांत पसरलेल्या भाऊबंदकीची नावे. भिवंडीत जुन्या माणसाचे आडनाव ऐकले की त्याचे गाव, त्याचे पद, त्याची भावकी कळत असे. जमिनीत पाय असलेल्या माणसांची ती नावे होती.

नव्याने आलेल्या विणकराकडे यातले काहीच नव्हते. वतन नव्हते, गाव आठशे मैल मागे राहिले होते, भावकी वाटेवर वेगवेगळ्या शहरांत विखुरली होती. त्याच्याजवळ होता माग, आणि जगाने त्याला दिलेले एक नाव होते, जे त्याला नको होते.

‘जुलाहा’ हा मूळचा फारसी शब्द, अर्थ नुसता विणकर. पण उत्तर हिंदुस्थानात तो शिवी होऊन बसला होता. जुलाह्याच्या मूर्खपणाच्या म्हणी आणि गोष्टी गावोगाव सांगितल्या जात. सय्यद, शेख, पठाण अशा वरच्या थरातले मुसलमान त्याच्याशी रोटीबेटी करत नसत. त्यात इंग्रज अधिकाऱ्यांनी भर घातली. विणकरांच्या कसब्यांत दंगे झाले की त्यामागची उपासमार, सावकारी, बाजाराची घसरण बाजूला राही आणि अहवालात ‘धर्मवेडा जुलाहा’ अशी छापील ओळख उरे. इतिहासकार ज्ञानेंद्र पांडे यांनी या साच्याची फोड नेमकी केली आहे. ज्याचा धंदा परक्या कापडाने बुडवला त्यालाच जन्मजात दंगेखोर ठरवले गेले. अशा नावाचे ओझे पिढ्यान्‌पिढ्या वाहणाऱ्या माणसाने ते उतरवून ठेवायचे ठरवले, यापेक्षा स्वाभाविक काय असेल?

दख्खनमध्ये उतरल्यावर त्याला एक तयार नाव मिळाले. इथे मुसलमान विणकराला मोमीन म्हणण्याची रीत होती. मोमीन म्हणजे श्रद्धावान. अहमदनगर, पुणे, सोलापूर या भागांत मोमीन कुटुंबे जुनी आहेत. ती घरात दख्खनी बोलतात आणि गावात मराठी. शिरूर तालुक्यातील कवठे येमाईचे लोकशाहीर बशीर मोमीन, मराठी रसिकांना बी. के. मोमीन कवठेकर म्हणून परिचित, याच आडनावाचे. तमाशा फडांसाठी वग आणि लावण्या लिहिण्यात त्यांची हयात गेली आणि राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. मोमीन हे किती पक्के मराठी आडनाव आहे याला वेगळा पुरावा नको.

तरी आडनावांचा अभ्यास करताना सावध राहावे लागते. दिल्लीचे थोर उर्दू कवी मोमीन खाँ मोमीन यांचे ‘मोमीन’ हे कवीने घेतलेले टोपणनाव होते आणि ते हकिमांच्या घराण्यातले होते. मेघालयातल्या गारो लोकांत मोमीन हे एका कुळाचे नाव आहे. त्याचा विणकरांशी संबंध नाही. अक्षरे सारखी असली म्हणून वंश एक होत नाही. आडनाव बोलते ते त्या गावच्या, त्या धंद्याच्या, त्या काळाच्या संदर्भात.

भिवंडीत आडनाव ठरण्याची एक व्यवहारी जागा होती ती म्हणजे शाळा. मुंबई इलाख्यात माणसाच्या नावाचे तीन भाग: स्वतःचे, बापाचे, आडनावाचे. आजमगढच्या खेड्यात ‘मोहम्मद’ किंवा ‘अली’ जोडून नाव पुरे होई. इथे शाळेच्या जनरल रजिस्टरात आडनावाचा रकाना होता आणि तो कोरा ठेवता येत नव्हता. तिथे लिहिलेला शब्द पुढे दाखल्यावर जाई, दाखल्यावरून रेशनकार्डावर आणि तिथून मतदारयादीत. बापाने मुलाचे नाव घालताना मास्तरांना सांगितलेला एक शब्द पुढच्या साऱ्या पिढ्यांचे आडनाव होऊन बसला. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या आरंभी इथे स्थिरावलेल्या अनेक घरांनी तो शब्द सांगितला, ‘मोमीन’.

मग अन्सारी कुठून आले?

इ.स. ६२२ मध्ये पैगंबर मुहंमद मक्केहून मदिनेला आले. तिथल्या औस आणि खजरज या टोळ्यांनी त्यांना आसरा दिला, पाठबळ दिले. या साहाय्यकर्त्यांना ‘अन्सार’ म्हणतात. मदिनेत पैगंबर प्रथम ज्यांच्या घरी उतरले ते अबू अय्यूब अन्सारी. त्यांची कबर इस्तंबूलमध्ये आहे. अन्सारांचे वंशज म्हणवणारी घराणी पुढे इराण, अफगाणिस्तान आणि हिंदुस्थानात पसरली. अकराव्या शतकातले हेरातचे सूफी अब्दुल्ला अन्सारी, लखनौच्या फिरंगी महालातले विद्वान, गाझीपूर जिल्ह्यातल्या युसूफपूरचे डॉ. मुख्तार अहमद अन्सारी ही त्या परंपरेतली नावे. १९२७ मध्ये मद्रासला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष डॉ. अन्सारी होते. माजी उपराष्ट्रपती हमीद अन्सारी याच घराण्यातले. हा अन्सारी आडनावाचा पहिला प्रवाह, वंशावळी जपणाऱ्या उच्चभ्रू घराण्यांचा.

दुसरा प्रवाह मागावरून निघाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत विणकर मुसलमानांनी आपल्या सन्मानासाठी चळवळ उभी केली. तिचे केंद्र कोलकाता, कारण बिहारचे विणकर तिथल्या कारखान्यांत मोठ्या संख्येने गेले होते. बिहारशरीफचे मौलाना अली हुसेन, म्हणजे आसिम बिहारी, हे तिचे प्राण. गावोगाव फिरून त्यांनी जमियतुल मोमिनीनच्या शाखा काढल्या. १९२८ मध्ये कोलकात्यात अखिल भारतीय परिषद भरली आणि पुढे ही संघटना मोमीन कॉन्फरन्स म्हणून ओळखली गेली. मुलांना शाळेत घाला, सावकाराच्या तावडीतून सुटा, हातमाग टिकवा आणि स्वतःला जुलाहा म्हणू नका, म्हणवून घेऊ नका, असे तिचे सांगणे होते. जनगणनेच्या कागदावर आपली नोंद मोमीन किंवा अन्सारी अशी व्हावी यासाठी विणकरांनी अर्ज केले, सभा घेतल्या.

‘अन्सारी’ हेच नाव निवडण्यामागे त्यांचा ठाम विचार होता. अन्सारांनी जात-कुळी न पाहता परक्याला घरात घेतले, आपल्या मिळकतीत वाटा दिला. विणकर म्हणाले, आम्ही त्या माणसांचे वारस. सय्यद-शेखांनी या दाव्यावर नाके मुरडली, वंशावळ मागितली. पण इथे खरा प्रश्न वंशावळीचा नव्हता. ज्या समाजाला शतकानुशतके इतरांनी नाव दिले, त्याने पहिल्यांदा स्वतःचे नाव स्वतः ठरवले. ज्या धर्माने सर्व माणसे समान मानली त्याच धर्माच्या पहिल्या पर्वातून त्याने ते उचलले. मला हा भारताच्या सामाजिक इतिहासातला एक मोठा क्षण वाटतो. मराठी वाचकाला तो परका वाटू नये, कारण त्याच काळात आपल्याकडेही अनेक जाती अपमानकारक नावे टाकून नवी नावे लावत होत्या.

या चळवळीने राजकारणातही स्वतंत्र भूमिका घेतली. डेहरी-ऑन-सोनचे अब्दुल कय्यूम अन्सारी (१९०५-१९७३) तिचे पुढारी झाले. मुस्लिम लीगचा द्विराष्ट्रवाद त्यांनी ठामपणे नाकारला. विणकराचे हित जमीनदारांच्या लीगमध्ये नाही, हे ते सांगत राहिले. १९४६ नंतर ते बिहारच्या मंत्रिमंडळात आले. २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. त्या तिकिटावर ‘अन्सारी’ हे आडनाव छापलेले आहे. ज्यांच्या आज्यापणज्यांना जुलाहा म्हणून हिणवले गेले, त्यांना त्याचे मोल विचारावे.

भिवंडीतल्या दोन आडनावांचा उलगडा या कालक्रमातून होतो. ज्यांची नावे अन्सारी चळवळ फोफावण्याआधी इथल्या कागदांवर चढली त्यांच्यात मोमीन अधिक. जे नंतर, चळवळीची हवा घेऊन आले त्यांच्यात अन्सारी अधिक. नियम अभंग नाही. एकाच घरात दोन भावांची दोन आडनावेही होऊ शकतात. पण ढोबळ मानाने मोमीन आणि अन्सारी ही भिवंडीच्या विणकर वस्तीच्या दोन थरांची नावे आहेत.

दुसरा थर जाड झाला तो विजेमुळे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावात भिवंडीत वीज आली आणि हातमागांच्या जागी यंत्रमाग बसू लागले. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले जुने माग इथे स्वस्तात मिळत. घरातल्या खड्डामागावर बसणारा विणकर दोन-चार यंत्रमागांचा मालक झाला. काहींचे मोठे कारखाने झाले, काही कायम मजुरीवरच राहिले. मागांबरोबर सायझिंग, वार्पिंग, डाइंग, कांडी भरणे अशी कामे वाढली. स्वातंत्र्यानंतर सरकारने मोठ्या गिरण्यांच्या विस्ताराला आवर घातला आणि छोट्या घटकांना करात सवलत दिली. ही धोरणे हातमाग वाचवण्यासाठी होती. त्यांचा लाभ बहुतांशी यंत्रमागाने उचलला.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखे उभे राहिले नाही. कापडाची मागणी मात्र थांबली नव्हती. ती भिवंडीकडे वळली. गिरणीत आठ तासांची पाळी, भविष्य निर्वाह निधी आणि युनियन होती. भिवंडीत बारा तासांची पाळी आणि नगावर मजुरी. तरीही मऊ, आजमगढ, गोरखपूर, बस्ती आणि बिहारच्या जिल्ह्यांतून गाड्या भरून तरुण आले, कारण गावात तेवढेही नव्हते. गावी कुटुंब, इथे एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे आठ-दहा जण आणि जेवायला भिशी, म्हणजे महिन्याचे पैसे भरून जेवण मिळणारी खानावळ. त्यातल्या हजारोंचे आडनाव अन्सारी होते.

आकडे पाहिले की या ओघाचा अंदाज येतो. १९०१ मध्ये भिवंडीची लोकसंख्या दहा हजारांच्या आसपास होती. २००१ मध्ये ती सहा लाखांच्या जवळ पोहोचली आणि २०११ च्या जनगणनेत भिवंडी-निजामपूर महापालिका क्षेत्रात सात लाखांहून जास्त माणसे मोजली गेली. त्यांत मुसलमान निम्म्याहून अधिक. यंत्रमागांचे अंदाज सहा लाखांच्या घरात जातात. एकशे दहा वर्षांत सुमारे सत्तरपट वाढलेल्या या शहराची वाढ कशाने झाली, हे त्याच्या आडनावांत वाचता येते.

विणकर फक्त उत्तरेतूनच आले असे नाही. तेलंगणातील करीमनगर, वरंगळ, नलगोंडा भागांतून पद्मशाली समाज सोलापूर, मुंबई आणि भिवंडीत आला. भिवंडीतले पद्मानगर ही त्यांची वस्ती. तेलुगू रीतीप्रमाणे घराण्याचे नाव आधी येते आणि माणसाचे मागून. महाराष्ट्रातल्या कागदांवर ते शेवटी सरकले. सोलापूरचे कामगार नेते नरसय्या आडम यांचे नाव आपण असेच मराठी क्रमाने घेतो. म्हणजे शाळेच्या रजिस्टराने मोमिनाला आडनाव दिले आणि पद्मशाल्याच्या आडनावाची जागा बदलली. आज भिवंडीत एकाच शेडखाली फकीह मालक, अन्सारी विणकर, तेलुगू जॉबर आणि माल नेणारा पाटलांचा टेम्पो अशी जोडणी सर्रास सापडते.

हे सारे नेहमी सुखाने नांदले असे म्हणता येणार नाही. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर भिवंडीत भीषण दंगल उसळली आणि जळगाव, महाडपर्यंत तिचे लोण गेले. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. तो अहवाल देशातल्या दंगलींच्या अभ्यासात आजही मूलभूत मानला जातो. मे १९८४ मध्ये पुन्हा आग भडकली. अशा दिवसांत आडनाव म्हणजे धोका. वस्ती विचारण्याआधी माणूस आडनाव विचारतो. दंगलीनंतर अनेकांनी आपल्या आडनावाच्या माणसांत जाऊन राहणे पसंत केले आणि शहराच्या वस्त्या वेगळ्या झाल्या.

म्हणूनच १९८८ नंतर पोलिस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी इथे घडवलेल्या मोहल्ला समित्यांचे महत्त्व मोठे. दोन्ही धर्मांची साधी माणसे, विणकर, दुकानदार, रिक्षावाले, नियमित एकत्र बसू लागली. गटार, पाणी, वीज या रोजच्या तक्रारींपासून सुरुवात झाली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. समितीच्या बैठकीत एकमेकांना आडनावापलीकडे ओळखणारी माणसे तयार झाली होती. ज्या शहराला ‘संवेदनशील’ या एका शब्दात गुंडाळले जाते, त्या शहराची ही कामगिरी शाळेच्या पुस्तकात यायला हवी.

शिक्षणानेही आडनावांचा बांध ओलांडला. कोकण मुस्लिम एज्युकेशन सोसायटी ही भिवंडीतली जुनी संस्था. तिचे रईस हायस्कूल विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात सुरू झाले. त्याच आवारात मुलींसाठी जी. एम. मोमीन महिला महाविद्यालय उभे राहिले. संस्थेच्या नावात कोकणी, महाविद्यालयाच्या नावात मोमीन, आणि वर्गात फकीह, अन्सारी, शेख, खान मुली एका बाकावर. आपल्या आजीच्या अंगठ्याच्या ठशाजागी त्या सही करतात आणि सहीत आडनाव पूर्ण लिहितात.

नाव मिळाले, मान थोडा मिळाला, हक्काचे काय? मंडल आयोगाने १९८० मध्ये धर्म न पाहता मागासलेपण मोजण्याचा आग्रह धरला. महाराष्ट्रात जालन्याचे शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची संघटना उभी केली, विलास सोनवणे यांच्यासारखे कार्यकर्ते सोबत आले आणि अभिनेते दिलीपकुमार स्वतः सभांना फिरले. जुलाहा, मोमीन, अन्सारी ही नावे राज्याच्या इतर मागासवर्गीय यादीत आहेत. पण नुसते आडनाव पुरत नाही; यातली आपली जात जुन्या दाखल्यावर सिद्ध केल्याशिवाय पणतूला सवलत मिळत नाही. भिवंडीतल्या अनेक घरांत जात प्रमाणपत्रासाठी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधावा लागतो, तो याचमुळे. आणि आजोबा शाळेत गेलेच नसतील तर गंगेकाठच्या गावातून कागद आणावा लागतो.

या समाजाची संख्या किती, याचे देशपातळीवरचे शेवटचे जातवार उत्तर १९३१ च्या जनगणनेत आहे. बिहार सरकारने २०२३ मध्ये जातनिहाय पाहणी जाहीर केली. तिच्यात मोमीन, जुलाहा, अन्सारी यांचा एकत्र वाटा सुमारे ३.५ टक्के, म्हणजे ४६ लाखांच्या आसपास निघाला. उत्तर प्रदेश, झारखंड, पश्चिम बंगाल आणि महाराष्ट्रातले वेगळे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने येत्या जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय घेतला आणि तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली. जवळजवळ शंभर वर्षांनी मोमीन-अन्सारींच्या पुढे पुन्हा तोच रकाना येणार आहे.

इथे इंग्लंडकडे एकदा पाहण्यासारखे आहे, कारण आडनावांचा शास्त्रशुद्ध अभ्यास तिथे लवकर सुरू झाला. इंग्लंडमध्ये तेराव्या-चौदाव्या शतकांत आडनावे स्थिर होत गेली. १३७७ ते १३८१ दरम्यानच्या डोईपट्टीच्या याद्यांत धंद्यावरून पडलेली हजारो नावे सापडतात. विणकराचे दक्षिणेत वेब, उत्तरेत वेबस्टर, शिवाय वीव्हर. लोकरी कापड तुडवून घट्ट करणारा फुलर, रंगारी डायर. पुढे हेन्री गप्पी यांनी १८९० मध्ये ब्रिटनमधल्या आडनावांची घरे शोधणारा ग्रंथ काढला. त्यासाठी त्यांनी शेतकऱ्यांची नावे मोजली, कारण शेतकरी जागेवरून हलत नाही. आज वेबस्टर नावाच्या माणसाला मागाशी काही देणेघेणे नाही. तिथे नाव राहिले आणि धंदा गेला.

भिवंडीत उलटे घडले. धंदा राहिला, नाव बदलले. आणि गप्पी यांनी ज्यांना मोजणे टाळले त्याच हलत्या माणसांनी हे शहर उभारले. त्यामुळे जमिनीवर रुजलेल्या नावांच्या पद्धतीने भिवंडीचा इतिहास लिहिता येत नाही. जमिनीचे सातबारे फकीहांचे आणि पाटलांचे गोत्र सांगतील. मोमीन-अन्सारींचे गोत्र सांगायला सातबारा नाही, शिलालेख नाही, बखर नाही. आहे ते शाळांच्या जुन्या जनरल रजिस्टरांत, मशिदींच्या निकाहनाम्यांत, मजुरांच्या हजेरीपुस्तकांत आणि कारखान्यांच्या वीजबिलांत.

हे कागद झपाट्याने नष्ट होत आहेत. सुताचे वाढते दर, विजेचे दर, स्वस्त आयात आणि थकलेल्या उधाऱ्या यांनी गेल्या काही वर्षांत शेकडो शेड बंद पाडल्या आणि हजारो माग भंगारात गेले. आसपासच्या गावांत गोदामांची रांग वाढते आहे. शेडबरोबर तिची हजेरीपुस्तकेही रद्दीत जातात. महापालिकेने, इथल्या महाविद्यालयांनी आणि मुंबई विद्यापीठाच्या इतिहास विभागाने १९५० पूर्वीची शालेय रजिस्टरे तरी छायाचित्रित करून ठेवावीत. विद्यार्थ्यांनी आपापल्या गल्लीतल्या वृद्धांकडून कोण कुठल्या कसब्यातून, कोणत्या वर्षी, कोणाच्या ओळखीने आले हे लिहून घ्यावे. उर्दूत, मराठीत, तेलुगूत, ज्या भाषेत ते सांगतील त्या भाषेत. पुढल्या जनगणनेतला आकडा किती माणसे आहेत एवढेच सांगेल. ती कशी आली हे शहरानेच लिहायचे आहे.

मराठी आडनावांच्या कोशांत देशमुख, कुलकर्णी, जोशी यांच्या उगमाची चर्चा हौसेने होते. त्या कोशात अन्सारी आणि मोमीन यांनाही तेवढीच जागा मिळाली पाहिजे. दीडशे वर्षे या माणसांनी महाराष्ट्राच्या बायकांची लुगडी विणली, पुरुषांच्या सदऱ्याचे कापड विणले, इथल्या शाळांत मुले शिकवली आणि इथल्याच मातीत माणसे पुरली. पाटील जितके ठाणे जिल्ह्याचे, तितकेच अन्सारीही ठाणे जिल्ह्याचे. त्या नावाची कमाई मागावर झाली आहे आणि तिची नोंद मराठीत व्हायला आता उशीर होऊ नये.